१०० टक्के दिसतात ते केव्हा?

प्रश्न : मी हौशी छायाचित्रकार असून २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने काढलेल्या रॉ फाइल (सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) घरच्या संगणकावर संपादित करतो. संगणकात चार कोअरचा (गणित करणाऱ्या चार स्वतंत्र भागांचा) प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम आहे. संपादनाचे सॉफ्टवेअर उघडल्यावर थोड्याच वेळात पंखा घोंघावू लागतो, टास्क मॅनेजरमध्ये (चालू कामांचा हिशेब दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीत) प्रोसेसरचा वापर १०० टक्के दिसतो आणि एखादा स्लायडर सरकवला तर चित्रात फरक दिसायला दोन-तीन सेकंद जातात. अलीकडे तर मी काम थांबवून उठलो तरी अर्धा-पाऊण तास पंखा शांत होत नाही. यामुळे प्रोसेसर निकामी होईल का? नवा घ्यावा का?

उत्तर : आपल्या पत्रात दोन तक्रारी एकत्र आल्या आहेत. काम करताना प्रोसेसरवर ताण येतो ही एक, आणि काम थांबल्यावरही तो उतरत नाही ही दुसरी. दोहोंची कारणे वेगळी असू शकतात, म्हणून त्या आधी सुट्या करू.

१०० टक्के या आकड्याने घाबरून जाऊ नये. शंभरेक छायाचित्रे एकदम एक्सपोर्ट करायला (संपादित चित्रांच्या तयार फाइल बनवायला) लावली आहेत आणि प्रोसेसर ४० टक्क्यांवरच रेंगाळतो आहे असे दिसले, तर मला उलट शंका येईल. निकामी होण्याचे म्हणाल, तर आजचे प्रोसेसर तापमानाच्या मर्यादेपाशी पोहोचले (अनेक प्रोसेसरमध्ये ती १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते) की स्वतःच आपला वेग उतरवतात, आणि तरीही तापमान चढत राहिले तर संगणक बंद पडतो. विचारायचे ते एवढेच, की हा आकडा दिसतो तेव्हा आपण संगणकाला काही काम सांगितलेले असते की नाही.

सांगितलेले असेल, तर ते काम किती मोठे आहे हे एका छायाचित्राचा हिशेब मांडून पाहा. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० गुणिले ४०००, अर्थात २ कोटी ४० लाख बिंदू. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवरचा प्रत्येक बिंदू लाल, हिरवा आणि निळा यांपैकी एकाच रंगाची नोंद करतो. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून गणिताने काढावे लागतात, आणि रॉ फाइल उघडताना हे गणित प्रोसेसरला करावे लागते. त्यानंतर प्रत्येक रंगाला १६ बिट धरले तर एका बिंदूला ६ बाइट लागतात, म्हणजे एकच सपाट चित्र रॅममध्ये सुमारे १४४ एमबी जागा घेते. त्यावर लेअर (चित्राचे एकावर एक थर) चढू लागले की हा आकडा कोठे जातो ते सांगायला नको.

दुसरी गोष्ट अशी की, रॉ फाइलवर काम करणारी सॉफ्टवेअर मूळ फाइलला हात लावत नाहीत. आपण केलेले बदल सूचनांच्या यादीसारखे साठवले जातात आणि स्लायडर थोडा जरी सरकवला तरी त्या यादीचा बराचसा भाग पुन्हा चालवला जातो. उजेड आणि रंग यांच्या सूचना स्वस्त असतात, कारण प्रत्येक बिंदूचे गणित त्याच्यापुरते असते. नॉइज (चित्रातले रवाळ ठिपके) कमी करण्याच्या सूचनेत मात्र प्रत्येक बिंदूसाठी आजूबाजूचे अनेक बिंदू तपासावे लागतात, आणि ब्रशने केलेल्या स्थानिक बदलांत प्रत्येक मास्क (बदल चित्राच्या कोणत्या भागापुरता आहे ते ठरवणारी आखणी) वेगळा हिशेबात घ्यावा लागतो. म्हणून नॉइजचे काम शेवटी ठेवावे. चेहऱ्यावरचे किंवा आकाशातले डाग साठ-सत्तर असतील, तर ते रॉ संपादकात न पुसता फोटोशॉप किंवा गिंप यांसारख्या थेट बिंदूंवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पुसावेत. एवढ्या क्रमाच्या फेरफाराने पुष्कळ वेळा ही वाट पाहणे कमी होते. आपला मॉनिटर ४के असेल तर सॉफ्टवेअरची खिडकी लहान करूनही पाहावे. ३८४० गुणिले २१६० या पडद्यावर साध्या १९२० गुणिले १०८० पडद्याच्या चौपट बिंदू रंगवावे लागतात.

यानंतर रॅमकडे वळू, कारण माझा खरा संशय तिच्यावर आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि प्रोसेसरच्या रकान्याबरोबर मेमरी व डिस्क हे रकानेही पाहा. मेमरी नव्वदीच्या वर आणि डिस्क सतत व्यग्र असेल, तर रॅममध्ये न मावणारा भाग डिस्कवर नेला-आणला जात आहे. शिवाय विंडोज १० पासून रॅम कमी पडली की तिच्यातील मजकूर दाबून लहान केला जातो आणि ते दाबण्याचे काम प्रोसेसरच करतो. म्हणजे रॅमचा तुटवडा प्रोसेसरच्या खात्यावर दिसतो. अशा वेळी ब्राउझरमधील उघडे टॅब बंद करणे हा फुकटचा आणि पहिला उपाय. फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेसमधील परफॉर्मन्स या भागात सॉफ्टवेअरने किती रॅम वापरावी ते ठरवता येते. मुळात ती ७० टक्के ठेवलेली असते. पुष्कळ जण ती हौसेने ९५ वर नेतात आणि मग विंडोजलाच श्वास घ्यायला जागा उरत नाही. तिथेच हिस्टरी स्टेट्स (मागे परतण्यासाठी लक्षात ठेवलेल्या पायऱ्या) ५० असतात, त्या २० केल्या तरी फारसे अडत नाही. गिंपमध्ये अशीच सोय सिस्टिम रिसोर्सेस या भागात टाइल कॅश या नावाने आहे.

आता आपली दुसरी तक्रार. सॉफ्टवेअर उघडा, एखादे छायाचित्र समोर ठेवा आणि पाच मिनिटे माउसला हात लावू नका. मग टास्क मॅनेजरमधील सीपीयू (म्हणजेच प्रोसेसर) या शीर्षकावर क्लिक करून सर्वाधिक प्रोसेसर खाणारे नाव वर आणा. ते नाव संपादनाच्या सॉफ्टवेअरचेच असेल, तर ते प्रीव्ह्यू (झटपट दाखवण्यासाठीच्या लहान प्रती) तयार करत असेल, चेहरे ओळखून छायाचित्रांची वर्गवारी करत असेल किंवा ती क्लाउडवर चढवत असेल. नुकतीच हजारभर छायाचित्रे आत घेतली असतील तर हे काम रात्रभरही चालू शकते, आणि प्रीव्ह्यूपुरते बोलायचे तर ते चालू द्यावे, कारण ते एकदाच करावे लागते. चेहरे ओळखण्याची सोय वापरत नसाल तर बंद करून टाका.

वर आलेले नाव अँटिव्हायरसचे असेल, तर हजारो लहान फाइलनी भरलेले कॅशचे (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या साठ्याचे) फोल्डर तो पुन्हा पुन्हा तपासत असण्याचा संभव आहे. फक्त तेवढे फोल्डर तपासणीतून वगळावे. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलचे फोल्डर मात्र कधीही वगळू नये.

ग्राफिक्स कार्डाविषयी थोडक्यात सांगतो. सॉफ्टवेअरच्या प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्स प्रोसेसर वापरण्याची खूण आहे का ते पाहा. ड्रायव्हर (कार्ड चालवणारे छोटे सॉफ्टवेअर) जुना असल्यामुळे कार्ड नाकारले गेले असेल, तर त्याच्या वाट्याचे सगळे काम प्रोसेसरवर येऊन पडते.

नवा प्रोसेसर मी आज तरी सुचवणार नाही. रॅम १६ जीबी करावी आणि कॅशचे फोल्डर हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडीवर हलवावे, हा खर्च आधी. संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले होते, की कामाचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो, तो कितीही प्रोसेसर जोडले तरी लवकर आटोपत नाही. छायाचित्र-संपादनात असे भाग बरेच असतात, त्यामुळे कोअर दुप्पट केल्याने स्लायडर दुप्पट वेगाने हलेल असे नाही.

प्रश्न : माझी तक्रार उलटी आहे. एक फिल्टर लावला की सॉफ्टवेअर गोठते, पण टास्क मॅनेजर प्रोसेसरचा वापर फक्त १२-१३ टक्के दाखवतो. मग अडते कोठे?

उत्तर : आपल्या प्रोसेसरला चार कोअर आणि आठ थ्रेड (एकाच वेळी चालवता येणाऱ्या कामाच्या धारा) असावेत. विंडोज सर्व थ्रेड मिळून १०० टक्के धरते, म्हणून आठांपैकी एक थ्रेड पूर्ण गुंतला की आकडा साडेबाराच्या आसपास दिसतो. मॅकवरील अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरने हेच काम १०० टक्के म्हणून दाखवले असते. म्हणजे तो फिल्टर एकाच थ्रेडवर चालणारा आहे आणि तो थ्रेड ओसंडून गेला आहे. फिल्टर बाहेरचा प्लगइन (सॉफ्टवेअरला वरून जोडलेला पूरक भाग) असेल तर त्याची नवी आवृत्ती घ्या. फोटोशॉप सुरू होताना शिफ्ट कळ दाबून धरली, तर बाहेरचे प्लगइन वगळून उघडण्याचा पर्याय मिळतो. तसे करून दोष प्लगइनचा आहे का ते पडताळता येईल.

प्रश्न : लॅपटॉपवर एक्सपोर्ट सुरू केला की पहिली काही छायाचित्रे झटपट होतात, पुढची रखडतात, आणि दुसरे काहीच करता येत नाही.

उत्तर : रखडणे हे तापण्याचे लक्षण आहे. गादीवर ठेवलेला लॅपटॉप खालून हवा ओढू शकत नाही, तेव्हा तो आधी टेबलावर घ्या आणि पंख्यातली धूळ काढून घ्या. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल पातळी १०० वरून ९९ टक्के केली, की बऱ्याच प्रोसेसरचा टर्बो वेग (नेहमीपेक्षा वाढवलेला वेग) बंद होतो. काम थोडे सावकाश होते, पण तापमान बरेच उतरते. काही लॅपटॉपवर हा पर्याय दिसत नाही. दुसरे काम करता यावे म्हणून टास्क मॅनेजरच्या डिटेल्स भागात सॉफ्टवेअरच्या नावावर उजवे क्लिक करून सेट अ‍ॅफिनिटी (सॉफ्टवेअरने कोणते थ्रेड वापरावेत ते ठरवणारा पर्याय) निवडा आणि एक-दोन थ्रेडवरची खूण काढा. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडले की ही खूण परत येते, त्यामुळे मोठ्या एक्सपोर्टच्या आधी ती दर वेळी काढावी लागेल.