सिकलसेलची ट्रायल शोधताय? आधी क्रायसिसचे कागद जमवा

तुम्ही विचारलंय की बहिणीला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, तोही एसएस, म्हणजे आई-वडील दोघांकडून आलेला. नव्या औषधांच्या ट्रायल, म्हणजे रुग्णांवरच्या चाचण्या, भारतात कुठे सापडतात, आणि घरचे "तिच्यावर प्रयोग नको" म्हणतात तर काय करायचं. हे दुसरं वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. माझा मुलगा एसएस आहे, आम्ही भंडारा जिल्ह्यातले, आणि हे वाक्य मी आमच्या घरात वर्षानुवर्षं ऐकलंय.

शोधायचं सीटीआरआयवर, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियाच्या वेबसाइटवर. जून २००९ पासून आपल्याकडे ट्रायलची तिथे नोंद सक्तीची आहे. इंग्रजीत 'सिकल सेल' टाका. नुसतं 'ॲनिमिया' टाकलंत तर गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या आणि इंजेक्शनं देण्याचे अभ्यास आणि एमडीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध यांतच संध्याकाळ जाईल. प्रत्येक नोंदीत दवाखान्यांची नावं, मुख्य डॉक्टरांचा फोन, कोणाला घेणार, कोणाला नाही, हे सगळं असतं. भरती सुरू आहे असं लिहिलेलं असलं तरी फोन करून विचारा, कारण नोंदी वेळेवर बदलल्या जात नाहीत. अमेरिकेच्या रजिस्ट्रीतही देश म्हणून भारत निवडून बघता येतं.

पण ट्रायल सापडणं हा सोपा भाग आहे. आम्हालाही सापडली होती. नागपूरच्या एका दवाखान्यात नव्या गोळीचा अभ्यास सुरू होता, मुलगा वयात बसत होता, हायड्रॉक्सियुरिया या त्याच्या रोजच्या औषधाचा डोस कित्येक महिने तोच होता, रक्तही अलीकडे चढवलेलं नव्हतं. तिथल्या कोऑर्डिनेटर ताईंनी फाईल उघडली आणि विचारलं, गेल्या वर्षभरातल्या क्रायसिसचे, म्हणजे सिकलसेलच्या तीव्र दुखण्याच्या झटक्यांचे, कागद कुठे आहेत? एकच डिस्चार्ज कार्ड निघालं. त्यांना किमान दोन नोंदी हव्या होत्या. मुलगा त्या हिवाळ्यात किती वेळा रात्रभर पाय धरून रडला ते मला माहीत होतं, पण माझ्या सांगण्याची तिथे नोंद होत नाही. आम्ही परत आलो.

कागद का नव्हते? कारण आमचे भासरे. मुलाला दुखायला लागलं की ते दारात उभे. "काऊन नेता दर वेळी दवाखान्यात? थंडीत कोणाचं अंग दुखत नाही? पाणी पाजा, गोळी द्या, झोपू द्या." माझे मिस्टर मोठ्या भावाच्या शब्दाबाहेर नाहीत. आमच्याकडे धाकट्या सुनेने भासऱ्यांशी तोंड वर करून बोलायची रीत नाही, तरी मी प्रत्येक वेळी मिस्टरांना म्हणायचे की निदान कॅज्युअल्टीत दाखवून केसपेपर काढून आणू. पाणी, ऊब आणि गोळी हे घरी करायचंच असतं, त्याला माझी ना नव्हती. पण ताप, छातीत दुखणं, धाप किंवा गोळीने न थांबणारं दुखणं असेल तेव्हाही घरीच ठेवायचं, हे मला कधीच पटलं नाही आणि आजही पटत नाही.

नागपूरहून परत आलो त्या संध्याकाळी भासरे म्हणाले, "बरं झालं, पोरगा प्रयोगाचा उंदीर झाला नाही." त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्याशी थेट बोलले. म्हटलं, दादा, हा रोज जी हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल घेतो ती कुठून आली? अमेरिका आणि कॅनडातले २९९ मोठे रुग्ण तिच्या ट्रायलमध्ये गेले होते, त्यातल्या जवळपास निम्म्यांना औषध नसलेली कॅप्सूल मिळाली. वर्षात किमान तीन क्रायसिस झालेल्यांनाच त्यात घेतलं होतं. औषध घेणाऱ्यांच्या क्रायसिस इतक्या कमी झाल्या की ट्रायल मुदतीआधी थांबवली, आणि १९९५ साली निकाल छापून आला. त्या लोकांच्या घरच्यांनीही "थंडीत दुखतंच" म्हणून त्यांना झोपवून ठेवलं असतं तर आपल्या पोराच्या हातात आज काय असतं? ते काही बोलले नाहीत. पुढच्या क्रायसिसला मात्र गाडी त्यांनीच काढली.

नंतर मुलगा दुसऱ्या एका अभ्यासात गेला. तोवर कागदांची पिशवी भरली होती. त्याला खरी गोळी मिळतेय की नुसती, हे आम्हालाही माहीत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. जायचं त्याने स्वतः ठरवलं, आणि तुमच्या घरीही बहिणीलाच ठरवू द्या. तिच्या वतीने काका-मामांनी नाही म्हणायचं नाही, आणि तुम्ही हो म्हणायचं नाही.

संमतीपत्र घरी आणून वाचा. ते मराठीत मागा, सही केलेली प्रत तुमच्याकडे ठेवा. ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई हे २०१९ च्या नियमांत लिहिलेलं आहे. मधेच सोडलं तरी नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. जाण्यायेण्याचा खर्च कोण देणार ते सही करण्याआधीच विचारा, कारण फेऱ्या खूप होतात आणि मजुरी बुडते. आणि ट्रायलमध्ये घेतो म्हणून कोणी लाखांची पावती फाडत असेल तर तिथून उठा.

आता घरच्यांच्या बाजूचंही सांगते. भीती अगदीच खोटी नाही. व्होक्सेलोटर नावाची सिकलसेलची गोळी २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली होती, हिमोग्लोबिन वाढवायची. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीनेच ती जगभरातून परत घेतली, कारण ती घेणाऱ्यांमध्ये क्रायसिस आणि मृत्यू जास्त दिसले. म्हणजे मंजुरीनंतरही धोका कळतो, मग ट्रायलमधल्या गोळीची हमी कोण देणार? बरं व्हायच्या आशेने जात असाल तर जाऊ नका. वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयात हिमोफिलियाची, म्हणजे रक्त लवकर न थांबण्याच्या आजाराची, जीन थेरपी (शरीरात चांगलं जनुक घालण्याचा उपचार) घेतलेल्या पाच जणांचे रक्तस्राव थांबले, २०२४ मध्ये छापून आलं, मलाही ते वाचून अभिमान वाटला. पण ते पाचच जण होते आणि आजारही वेगळा.

मी डॉक्टर नाही. ट्रायलच्या शोधात हायड्रॉक्सियुरिया बंद करू नका. डोस मागेपुढे झाला की बऱ्याच अभ्यासांत पुन्हा थांबावं लागतं, आणि मधल्या काळात त्रास तिलाच होतो. बहिणीचं लग्न झालं असेल तर मूल कधी हवंय हे आधी नवरा-बायकोने बोलून घ्यावं, कारण अशा अभ्यासांत दिवस राहू न देण्याची अट जवळपास असतेच. फोन करण्याआधी एचपीएलसीचा (हिमोग्लोबिनचा प्रकार दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट, हायड्रॉक्सियुरिया कधीपासून आणि किती, शेवटचं रक्त कधी चढवलं, आणि वर्षभरातल्या प्रत्येक क्रायसिसचा तारखेसकट केसपेपर समोर ठेवा. तिला दर महिन्याला रक्त चढत असेल तर फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा, बहुतेक ठिकाणी तिथेच नाही म्हणतील आणि नागपूर-मुंबईची फेरी वाचेल.