विटा आत्ता घ्याव्यात की पावसाळ्यानंतर?

प्रश्न : सुदामानगरातील आमच्या घराचे कॉलम आणि स्लॅब झाले आहेत. नऊ इंची भिंतींचे सुमारे १,००० चौरस फूट काम बाकी आहे. जास्त गवंडी लावून ते आठ दिवसांत संपवतो, असे सांगून ठेकेदार वाढीव दर मागतो आहे. शिवाय आता मे लागला; विटा पावसाळ्यानंतर घेतल्या तर चालेल का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : विटा आत्ताच घ्याव्यात. कच्च्या विटा उघड्यावर वाळवाव्या लागत असल्याने भट्ट्या पावसात बंद राहतात आणि शिल्लक विटांचा भाव चढतो. सांध्यासकट ९ × ४.५ × ३ इंच माप धरले, तर तुम्हाला सुमारे १०,७०० विटा लागतील. फुटतूट ५ टक्के धरून ११,२०० सांगाव्यात. मात्र हजारी भाव ठरवताना पट्टी जवळ असू द्यावी. ८.५ × ४ × २.७५ इंचांची वीट ९ × ४ × ३ इंचांच्या विटेपेक्षा १३ टक्क्यांहून अधिक लहान भरते, आणि तेवढी जागा सिमेंटच्या मसाल्याने भरावी लागते. घराचा भार कॉलमवर असल्याने आतील काही भिंती साडेचार इंची करता येतील का, हे अभियंत्याला विचारावे, कारण तिथे विटा निम्म्यावर येतात.

आता वाढीव दराविषयी. हे काम सुमारे २१ घनमीटर होते. एक गवंडी दिवसाकाठी साधारण एक घनमीटर बांधतो, म्हणजे तीन गवंड्यांचे हे सात-आठ दिवसांचे नेहमीचेच काम आहे. जादा पैसे कशाचे, ते ठेकेदारालाच विचारा! भारतीय मानकानुसार भिंत एका दिवसात १.५ मीटरपेक्षा जास्त चढवू नये, कारण ओल्या सांध्यांवर वरच्या थरांचे वजन येऊन भिंत ओळंब्यातून सरकते. म्हणून एकाच भिंतीवर माणसे वाढवून उपयोग नाही. ती वेगवेगळ्या खोल्यांत लावावीत, आणि दारा-खिडक्यांच्या चौकटी आधीच आणून ठेवाव्यात, नाही तर गवंडी बसून राहतात व रोजी चालूच राहते.

पैसे देऊनही जे लवकर आटोपत नाही, ते म्हणजे पाणी मारणे. प्रत्येक भागाला किमान सात दिवस ओल हवी, आणि मे महिन्यात सकाळी मारलेले पाणी दुपारपर्यंत उडून जाते, तेव्हा भिंतीवर ओली गोणपाटे टाकावीत. ही जबाबदारी कोणाची, ते करारात लिहून घ्यावे आणि शेवटचा हप्ता आठवडाभर राखून ठेवावा. तो देण्यापूर्वी खिळ्याने दोन-चार सांधे खरवडून पाहावेत. मसाला भुरभुर गळला, तर विटा बांधण्यापूर्वी भिजवल्याच नव्हत्या किंवा पाणी कमी पडले, असे समजावे.