कुणाला दुखवू, असं विचारलंस म्हणून

प्रिय पोरी,

परवा रात्री स्पर्धेहून परतताना बसमधून फोन केलास. शेजारची झोपली होती म्हणून कुजबुजत होतीस. "मावशी, दोघांपैकी कुणाला दुखवू?" व्हॉलीबॉलच्या कोच म्हणतात, वसंतातला सराव बुडवायचा नाही. उंच उडीचे कोच म्हणतात, पाया आधीपासूनच घालायला हवा. मी "झोप आता" म्हणाले आणि स्वतः मात्र पहाटेपर्यंत जागी होते. १९ व्या वर्षी हाच प्रश्न मीही विचारला होता, आणि तो चुकीचा होता.

तू दोन्ही खेळांत चांगली आहेस, हे सांगण्यात मी शाई घालवणार नाही. ते त्या दोघांनाही ठाऊक आहे, म्हणून तर ओढाताण चालली आहे.

एक वही घे. फोनमधलं ॲप नको, कागदाची वही. रोज रात्री लिही: कुठला सराव, किती वेळ, साधारण किती उड्या, झोप किती, डावा गुडघा शून्य ते दहात किती दुखला. हसू नकोस. स्पाइक मारून तू डाव्या पायावर उतरतेस आणि बारवर झेपही डाव्याच पायाने घेतेस. या दोन्हींची बेरीज आजवर कुणी केली आहे? व्हॉलीबॉलच्या कोचना व्हॉलीबॉलच्या उड्या दिसतात, ॲथलेटिक्सच्या कोचना ॲथलेटिक्सच्या. गुडघा एकच आहे, आणि तो दोघांच्याही हिशेबात अर्धाच धरलेला आहे.

तू म्हणशील, नियम आहेत की. आहेत. अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांच्या नियमांप्रमाणे मोसमात सराव आणि सामने मिळून आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, दिवसाला ४. पण त्याच नियमात सामन्याचा दिवस ३ तासांचा धरतात, मग तू सकाळपासून रात्रीपर्यंत जिममध्ये असलीस तरी. बसचा प्रवास त्यात येत नाही, फिजिओकडचा तासही येत नाही. ते २० तास कॉलेजच्या कागदावरचे आहेत. तुझे तास तुलाच मोजावे लागतील. म्हणून वही.

आणि वहीत एक गोष्ट लगेच दिसेल. खरं भांडण मोसमात नसतंच. ऑगस्ट ते डिसेंबर तू व्हॉलीबॉलची, हे कुणीही मान्य करेल. भांडण होतं ते मोसमाबाहेरच्या सरावावरून. तो सराव 'ऐच्छिक' असला की चुकवायची आणखीच भीती वाटते! तिथे काय ठेवायचं आणि काय सोडायचं, यावर बोलता येतं. पण आकडे हातात असतील तरच.

जॅकी जॉयनर-कर्सीचं उदाहरण मी मुलींना इतक्यांदा देते की त्या डोळे फिरवतात, तरी देते. ती अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठात बास्केटबॉलही खेळायची आणि हेप्टॅथलॉनही, म्हणजे धावणं-उडी-फेक अशा सात प्रकारांची स्पर्धाही, करायची. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी तिने बास्केटबॉलचा एक मोसम बाजूला ठेवला. खेळ सोडला नाही, एक मोसम बाजूला ठेवला. तिथे सुवर्ण ५ गुणांनी हुकलं, आणि ती पुन्हा बास्केटबॉलच्या कोर्टवर आली. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये तिने हेप्टॅथलॉनमध्ये केलेले ७२९१ गुण अजून कुणी ओलांडलेले नाहीत. त्याच यूसीएलएची नॅटली विल्यम्स १९९० आणि १९९१ मध्ये व्हॉलीबॉलच्या विजेत्या संघात होती, आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमधलं तिचं सुवर्ण बास्केटबॉलचं. तू त्यांच्यासारखी होशील असं मी म्हणत नाही. मोसम सोडणं आणि खेळ सोडणं यातला फरक तेवढा बघ.

मला तो दिसला नाही. मी बास्केटबॉल खेळायचे आणि लांब उडी मारायचे. एका दुपारी आमच्या कोचनी ऐकवलं, "दोन दगडांवर पाय ठेवून किती दिवस उभी राहणार?" मी लांब उडी सोडली. त्याच दुपारी, पंधरा मिनिटांत. पुढे वर्षानुवर्षं लोकांना सांगत आले की शरीर साथ देत नव्हतं. देत होतं की नव्हतं, मला ठाऊकच नाही, कारण मी कधी मोजलंच नव्हतं. माझ्याकडे आकडा असता तर निदान वाद तरी घातला असता. बरं, बास्केटबॉलने मला पुष्कळ दिलं, शिकण्याचा खर्च निघाला, पुढे कामही त्यातूनच मिळालं. निर्णय अगदीच चुकला असं कुणी म्हणू शकणार नाही. (हे मी तुला समजावतेय की स्वतःला, कोण जाणे.)

असो. गुडघ्याचं बोलू. वॉर्मअप झाल्यावर दुखणं कमी होतं, म्हणून फसू नकोस. वाटीखालची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, अशीच फसवते. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना काय होतं ते लिही. स्नायू लवकर सावरतात, कंडरा सावकाश. आणि पाळीची तारीखही लिही. दोन-तीन महिने ती आली नाही तर 'बरं झालं, कटकट गेली' म्हणायचं नाही. इतक्या सरावाला जेवण पुरत नाहीये, याची ती खूण असू शकते. हाडांवर त्याचा परिणाम होतो. सरळ टीमच्या डॉक्टरांकडे जायचं. यावर मी तुझं काही ऐकून घेणार नाही.

चार आठवड्यांची पानं भरली की दोन्ही कोचना एकाच खोलीत बसव. एकेकट्याला भेटू नकोस. तू एकेकट्यासमोर हो म्हणतेस, मी ऐकलंय. वही मध्ये ठेव आणि विचार, "यातलं काय कमी करू?" बोलू दे त्यांना एकमेकांशी. आत्तापर्यंत ते तुझ्यामार्फत भांडत होते.

कदाचित वही पाहून तुलाच वाटेल की एक खेळ सोडावा. मग सोड. मी रागावणार नाही. थोडी रागावेन.

आणि हो, काल गुडघ्याचं विचारलं तर "काही नाही" असा मेसेज आला. 'काही नाही' हा आकडा नाही. आजचा पाठव.

तुझी,
मावशी