आर्किमेटच्या मॉडेलमधून थेट कोड काढता येईल का? एंटरप्राइझ आर्किटेक्चर आणि मॉडेल-ड्रिव्हन डेव्हलपमेंट जोडायचं कसं?

थेट कोड निघणार नाही, आणि त्यासाठी महिने घालवू नका. पण एंटरप्राइझ आर्किटेक्चर (सगळ्या कंपनीच्या सिस्टिमचा आराखडा) आणि मॉडेल-ड्रिव्हन डेव्हलपमेंट (मॉडेलवरून कोड तयार करणं) ही दोन्ही जोडता मात्र येतात. जोड कुठे द्यायचा, एवढाच प्रश्न आहे.

तुमचं म्हणणं मला असं समजलं: सल्लागारांनी टोगॅफ या आर्किटेक्चर आखायच्या पद्धतीप्रमाणे कंपनीचं आर्किटेक्चर आर्किमेट या चित्रभाषेत काढून दिलं. ते आता कोणी उघडून बघत नाही. इकडे डेव्हलपर मंडळींना मॉडेलवरून कोड जनरेट करायचाय, मग याच मॉडेलला जनरेटर (मॉडेलवरून आपोआप कोड लिहिणारं साधन) का लावू नये? मी नाशिकात सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी आणि दिंडोरी-पिंपळगावकडच्या द्राक्ष निर्यातदारांसाठी सॉफ्टवेअर करतो. हा मोह बऱ्याच टीमना पडलेला बघितलाय.

जॉन झॅकमन यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या आर्किटेक्चरच्या चौकटीत वरून खाली ओळी आहेत, प्रत्येक ओळ एकेकाच्या नजरेतून: आधी नियोजन करणाऱ्याची, मग मालकाची, मग डिझायनरची, मग बांधणाऱ्याची. स्टीव्हन स्पीवॅक यांची १९९२ची एंटरप्राइझ आर्किटेक्चर प्लॅनिंगची पद्धत यातल्या वरच्या दोनच ओळी भरते आणि मुद्दाम तिथे थांबते. ओएमजी या प्रमाणकं ठरवणाऱ्या संस्थेनं २००१ मध्ये आणलेल्या एमडीएत (मॉडेल-ड्रिव्हन आर्किटेक्चर) तीन थर आहेत: व्यवसायाचं मॉडेल, प्लॅटफॉर्म न ठरवता केलेलं सिस्टिमचं मॉडेल, आणि ठरावीक प्लॅटफॉर्मचं मॉडेल. त्यातले खालचे दोन थर ढोबळमानानं झॅकमनच्या तिसऱ्या-चौथ्या ओळीत बसतात. नियोजन संपतं तिथे जनरेटरचं काम सुरू होतं. सगळ्यात वरचा, व्यवसायाचा थर मात्र दोघांच्याही हद्दीत येतो, आणि भांडणं तिथलीच असतात. शिवाय आर्किटेक्चर कंपनीतल्या सगळ्या सिस्टिम एकत्र बघतं, तर एमडीए बहुतेक वेळा एकाच सिस्टिमच्या पोटात शिरतं.

आर्किमेटमध्ये ‘डेटा ऑब्जेक्ट: प्लॉट’ अशी एक पेटी काढता येते. प्लॉटला कोणते रकाने, कोणता सक्तीचा, एका शेतकऱ्याचे किती प्लॉट, हे सांगायची सोय त्या भाषेत नाही. ती उणीव नव्हे, त्या तपशिलासाठी यूएमएलसारख्या (एका सॉफ्टवेअरची रचना काढायच्या) भाषा आहेतच. काही जण हट्टानं हे सगळं प्रॉपर्टीजच्या यादीत कोंबतात. मग ते मॉडेल मॅनेजरला वाचता येत नाही, आणि जनरेटरलाही अपुरंच पडतं.

महापालिकेच्या विकास आराखड्यातून कोणाच्या घराचा नकाशा निघत नाही, पण दोन्हींवर सर्व्हे नंबर एकच असतो, आणि आराखड्यात रस्ता दाखवला असेल तर तिथे घर मंजूर होत नाही. तुम्हाला हवीय ती जोड इतकीच: एक सामायिक ओळखक्रमांक आणि एक बंधन.

दिंडोरी रस्त्यावरच्या एका निर्यातदाराचं उदाहरण देतो. युरोपला द्राक्षं पाठवायची तर प्रत्येक प्लॉटची नोंदणी लागते, त्या प्लॉटच्या नमुन्याची कीडनाशकांच्या अंशांसाठी प्रयोगशाळेत तपासणी लागते, आणि पेटीवरून मागे थेट प्लॉटपर्यंत पोचता आलं पाहिजे. हा माग ठेवण्यासाठी अपेडाची (केंद्र सरकारची शेतमाल निर्यात संस्था) ग्रेपनेट ही प्रणाली आहे. या कंपनीत ‘प्लॉट’ तीन ठिकाणी होता. खरेदीवाल्यांच्या एक्सेलमध्ये प्लॉट म्हणजे शेतकऱ्याचा गट नंबर, पॅकहाउसच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या दिवशी आलेल्या गाडीचा लॉट, आणि निर्यातीच्या कागदपत्रांत नोंदणी क्रमांक. तिघंही आपापल्या जागी बरोबर. मेळ घालायला एक अनुभवी कारकून होते, सगळं त्यांच्या डोक्यात.

आर्किटेक्चरचं खरं काम इथे झालं, आणि ते कोडचं नव्हतं. नोंदणीकृत प्लॉटची मूळ नोंद कोणत्या सिस्टिमकडे, बाकीच्यांनी ती कोणाकडून मागायची, आणि लॉट ही वेगळीच वस्तू आहे, एवढं ठरलं. आर्किमेटमध्ये ते तीनच प्रकारच्या पेट्यांत मावलं: अॅप्लिकेशन कंपोनंट (सिस्टिम), अॅप्लिकेशन सर्व्हिस (ती देते ती सेवा), डेटा ऑब्जेक्ट (माहितीची वस्तू). जोडायचं ते या तिघांनाच. क्षमतांचे नकाशे, उद्दिष्टं, भागधारक हे सगळं बैठकीसाठी राहू द्या, जनरेटरला त्याचा उपयोग नाही.

खालच्या बाजूला डोमेन मॉडेल (धंद्यातल्या वस्तू आणि नियमांचं मॉडेल) वेगळं ठेवलं, साध्या मजकुराच्या छोट्या भाषेत, गिटमध्ये, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात. त्यात प्लॉट, लॉट, नमुना, अहवाल, त्यांचे रकाने आणि नियम. प्रत्येक मुख्य घटकावर वरच्या मॉडेलमधल्या पेटीचा आयडी लिहायचा. बिल्डच्या वेळी, म्हणजे कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर बनवताना, एक स्क्रिप्ट दोन गोष्टी तपासते. इथल्या घटकाचा आयडी वर सापडतो का? आणि वर ज्या सिस्टिमकडे मूळ नोंद नाही, ती सिस्टिम खाली प्लॉटचं टेबल स्वतःच तयार करायला निघाली आहे का? तसं असेल तर बिल्ड थांबतो. आराखड्याला पहिल्यांदा दात आले ते इथे, कारण तोवर तो मोडला तरी कोणाला कळत नव्हतं.

सगळं जनरेट करायच्या भानगडीत पडू नका. आम्ही टेबलं, इंटरफेस आणि अहवालाच्या मर्यादा तपासणारे नियम जनरेट केले, कारण मर्यादा बदलत राहतात आणि दर वेळी कोड हातानं उकरणं परवडत नाही. वजनकाट्याजवळची स्क्रीन हातानंच लिहिली. पॅकहाउसमध्ये हातमोजे घालून बोट लावणाऱ्या बाईंना काय सोपं जातं ते कुठल्याच मॉडेलमध्ये नसतं. आणि जनरेट झालेला कोड वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, त्याला हात लावायचा नाही असा नियमच करा. नाहीतर पहिली घाईची दुरुस्ती त्यातच होते, आणि पुढच्या जनरेशनला पुसली जाते.

या विषयावर बोलताना वेळेचा भाग बहुतेक सुटतो. आर्किटेक्चरच्या नियोजनात ‘आज’ आणि ‘उद्या’ यांच्यामध्ये टप्पे असतात, आर्किमेटमध्ये त्यांना प्लॅटो म्हणतात, आणि एका टप्प्यातून दुसऱ्यात नेणारं वर्क पॅकेज असतं. ते वर्क पॅकेज म्हणजे तुमच्या जनरेटरच्या कामाची हद्द. त्यात नसलेला घटक या खेपेला मॉडेल करायचाच नाही. आमच्याकडे टप्पे द्राक्षांनीच ठरवले. साधारण जानेवारी ते एप्रिल काढणी, तेव्हा पॅकहाउसमध्ये नवी आवृत्ती कोणी शिरू देत नाही. म्हणजे ऑक्टोबर छाटणी आटोपते तोवर मॉडेल गोठलेलं हवं, पुढचे आठवडे चाचणीला. कॉर्पोरेट रोडमॅपमधल्या तिमाह्यांचा इथे काही संबंध नव्हता. तुमच्या धंद्याचंही असं काही वेळापत्रक असेल, टप्पे त्याला बांधा.

आता उलटा प्रवास. तुमचं आर्किमेट मॉडेल पडून आहे, कारण खाली काय झालं ते त्याला कोणी कळवत नाही. डोमेन मॉडेलमध्ये आयडी असल्यामुळे हे सोपं होतं: प्रत्येक रिलीजनंतर कोणती सर्व्हिस प्रत्यक्षात चालू आहे आणि कोणती अजून कागदावरच आहे, हे स्क्रिप्ट वरच्या मॉडेलमध्ये लिहून ठेवते. आर्ची हे मोफत टूल वापरत असाल तर त्याच्या जेआर्ची स्क्रिप्टिंगनं हे होतं. दुसरं टूल असेल तर ओपन ग्रुपच्या (आर्किमेट सांभाळणारी संस्था) एक्स्चेंज फाइल फॉरमॅटमध्ये निर्यात करून बघा, आणि आयडी निर्यातीत टिकतात का ते सगळ्यात आधी तपासा. ते टिकत नसतील तर वरची सगळी योजना कोलमडते. अशा वेळी स्वतःचा क्रमांक प्रॉपर्टीमध्ये ठेवा.

खालच्या थरासाठी टूल कोणतं, हे टीमवर अवलंबून आहे. जावावाली मोठी टीम असेल तर एक्लिप्सचं ईएमएफ (मॉडेल बांधायला) आणि अॅसेलिओ (त्यावरून कोड काढायला) अजूनही भक्कम आहे, पण शिकायला वेळ लागतो. चार-सहा जणांची टीम असेल तर मी यूएमएलची टूल घ्यायला सांगणार नाही. इंटरफेससाठी ओपनएपीआय (वेब सेवांचे इंटरफेस लिहायची प्रमाण पद्धत) आणि त्याचा जनरेटर, डोमेनसाठी एक्सटेक्स्टसारख्या साधनानं केलेली किंवा नुसती यामलमध्ये (साध्या मजकुराचा फॉरमॅट) लिहिलेली छोटी भाषा पुरते. तीही सुरुवातीला एकाच डेटा ऑब्जेक्टपुरती करा. ज्याच्यावरून तुमच्याकडे सगळ्यात जास्त फोनाफोनी होते तो निवडा.