उन्हाळ्यात कापलेल्या डुकराच्या मांसातून एवढं पाणी का सुटतं?

तुम्ही लिहिलंय की जनावर निरोगी होतं, खाद्य चांगलं होतं, तरी मे महिन्यात कापलेलं मांस फिकट निघालं, बोटाने दाबलं तर लिबलिबीत लागलं आणि ट्रेमध्ये पाणी साचलं. दोष खाद्याचा की जातीचा, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते आधी जनावराचे शेवटचे चार-पाच तास तपासा.

हे मी नुकसान सोसून शिकलोय. अमळनेर तालुक्यात माझं छोटं वराहपालन आहे, पांढरी यॉर्कशायर. एकदा मे महिन्यात भर दुपारी सहा डुकरं छोटा हत्तीत घालून धुळ्याला नेली. तीन एका खोलीतली, तीन दुसऱ्या खोलीतली. एकमेकांना अनोळखी, त्यामुळे वाटभर भांडली. उतरवली तेव्हा तोंड उघडून धापा टाकत होती, आणि तशीच लगेच कापली गेली. संध्याकाळी दुकानदाराचा फोन आला. गिऱ्हाईक विचारत होतं, "या मटनमा पानी भरेल शे का?" पाण्याचा एक थेंबही कोणी भरला नव्हता. मला ते फार लागलं, आणि तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो.

प्राणी मेला म्हणून स्नायू त्याच क्षणी थांबत नाही. रक्ताभिसरण थांबतं, प्राणवायू बंद होतो, पण पेशी साठवलेलं ग्लायकोजेन (स्नायूतला साखरेचा साठा) मोडून ऊर्जा काढत राहते. प्राणवायूशिवाय हे मोडलं की लॅक्टिक आम्ल तयार होतं, आणि ते वाहून न्यायला रक्त नसल्यामुळे तिथेच साचतं. माती परीक्षणाच्या कागदावर आपण जो सामू (पीएच) बघतो, तोच इथे मोजायचा; आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त. जिवंत स्नायूचा सामू ७ च्या आसपास असतो. चांगल्या मांसात तो हळूहळू उतरत २४ तासांत ५.५ ते ५.७ वर येतो. एवढं आम्ल हवंच. त्यानेच मांस टिकतं आणि रंग खुलतो.

बिघडतं ते उतरण्याच्या वेगामुळे. घाबरलेल्या, तापलेल्या डुकराच्या स्नायूत हे सगळं धावत सुटतं. पाऊण तासातच सामू ६ च्या खाली जातो, आणि तेव्हा मांस अजून जिवंत जनावराइतकंच गरम असतं. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की काय होतं हे आपल्या घरात रोज दिसतं. उकळत्या दुधात लिंबू पिळलं की दूध लगेच फाटून पाणी वेगळं होतं. थंड दुधात तेवढंच लिंबू तसं करत नाही. स्नायूचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो आणि ते प्रथिनांच्या जाळीने धरून ठेवलेलं असतं. जाळी फाटली की पाणी सुटतं. फाटलेली प्रथिनं उजेड जास्त परावर्तित करतात, म्हणून मांस फिकट दिसतं. तुमच्या गिऱ्हाइकाने पाहिलेलं पाणी मांसाचं स्वतःचंच आहे, हे त्याला निःशंक सांगा. असं मांस खायला सुरक्षित असतं. मात्र शिजवल्यावर आक्रसतं आणि कोरडं लागतं.

याच्या उलटही घडतं. जनावर आदल्या दिवसापासून उपाशी, भांडत, दमत राहिलं तर ग्लायकोजेन कापण्याआधीच संपतं. मग आम्ल बनायला काही उरतच नाही, सामू ६ च्या वर राहतो आणि मांस काळपट, घट्ट, चिकट निघतं. त्यातून पाणी सुटत नाही म्हणून काही जण खूश होतात, पण ते लवकर नासतं. आपल्याकडच्या उन्हात मला याची भीती जास्त वाटते.

जातीचा वाटा अजिबात नाही असं नाही. पिएत्रां या युरोपीय जातीत ताण सहन न होण्याचा आनुवंशिक दोष बराच आढळायचा. तो कोणत्या जनुकामुळे होतो, हे कॅनडातल्या संशोधकांनी १९९१ मध्ये शोधलं. स्नायूपेशीत कॅल्शियम सोडणारं दार त्या दोषामुळे नीट बंद होत नाही, म्हणून ताण आला की ग्लायकोजेन झपाट्याने मोडतं. तुमचं पिल्लू संकरित असेल तर विकणाऱ्याला याबद्दल जरूर विचारा.

मी आता काय करतो ते सांगतो. गाडी रात्री दोन-तीनच्या सुमारास भरतो. डुकराला घाम जवळजवळ येत नाही, त्यामुळे अंगावर पाणी मारत राहणं हाच त्याला गारवा. आधी बारा तास खाद्य बंद, पाणी मात्र सतत. एका खोलीतली जनावरं एकत्रच, काठी अजिबात नाही. पोहोचल्यावर दोन-तीन तास सावलीत पडू देतो. त्या वेळेवरून दुकानदाराशी माझी वादावादी होते, पण मी सोडत नाही. कापल्यावर धड उभं चिरून लगेच थंडाव्यात टांगायचं. गरम तुकडे एकावर एक रचले की मधले तासन्‌तास गरमच राहतात.

आणि कापल्याबरोबर विकायची घाई नको. डुकराचा स्नायू काही तासांतच ताठरतो, कारण स्नायू आकसवणाऱ्या ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे सुटे करायला लागणारं एटीपी (पेशीला ऊर्जा देणारं रसायन) संपलेलं असतं. तशा अवस्थेत चुलीवर चढवलं की चिवट लागतं, काळा मसाला कितीही चांगला असो. पुढे स्नायूतलीच विकरं (एन्झाइम) त्या धाग्यांना जागेवर धरून ठेवणारी प्रथिनं हळूहळू तोडतात आणि मांस मऊ होतं. मी रात्रभर थंडीत ठेवलेलं मांसच दुकानात देतो.

जे फिकट मांस आत्ता तुमच्याकडे पडून आहे, ते फेकू नका. त्याचे मोठे तुकडे विकण्याऐवजी खिमा करा आणि चांगल्या मांसात थोडा थोडा मिसळा.