नेव्हिगेशनचे पैसे भरण्याआधी एवढं विचारा

बाबांच्या यकृतात तीन सेंटिमीटरची गाठ, दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलंय आणि एस्टिमेटमध्ये 'नेव्हिगेशन'चे वेगळे पैसे लावलेत. हे जीपीएससारखं असतं का, नाही घेतलं तर धोका आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. परळला ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियन म्हणून २२ वर्षं झाली, बघितलंय तेवढं सांगतो.

'नेव्हिगेशन' या नावाखाली तीन गोष्टी येऊ शकतात: सीटी स्कॅनवरून बनवलेला त्रिमितीय नकाशा, पोटाच्या आतून केलेली सोनोग्राफी आणि आयसीजी नावाचा रंग. आधी नकाशा. जीपीएस मेंदूच्या ऑपरेशनला म्हणा हवं तर. कवटी हाडाची, सीटीतला नकाशा तिच्याशी एकदा जुळला की जुळला. पोटात सगळं मऊ. कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात, साधारण १२ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने. यकृत दबतं, त्याचे पडदे सोडवले की कलंडतं, श्वासागणिक खालीवर होतं ते वेगळंच. सीटी काढताना यातलं काहीच झालेलं नसतं. पहाटेचा फोटो हातात घेऊन दुपारी दादरच्या फुलबाजारात फुलवाला शोधण्यातला प्रकार.

एकदा पडद्यावर सीटीवरून बनवलेलं सुंदर रंगीत यकृत होतं, त्यात निळी शीर. सर्जन सरांनी सोनोग्राफीचा लांब प्रोब आत घालून यकृतावर टेकवला, तर शीर बोटभर बाजूला! भूलतज्ज्ञ मॅडमना म्हणाले, "श्वास थांबवा जरा." व्हेंटिलेटर थांबला, पुन्हा पाहिलं, तरी तिथेच. मग कॉटरीने (विजेवर जाळून कापायच्या उपकरणाने) यकृतावर कापायची रेघ आखली ती सोनोग्राफी बघूनच.

दुर्बिणीच्या प्रत्येक ऑपरेशनला हे लागत नाही. पित्ताशय समोर दिसतं. डॉ. तेहेमटन उदवाडियांनी १९९०मध्ये जे.जे.त देशातलं पहिलं दुर्बिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन केलं, त्याला असलं काही लागलं नाही. यकृतातली गाठ मात्र आत दडलेली आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनात हात घालून चाचपता येत नाही. ते काम सोनोग्राफी करते.

मग त्रिमितीय नकाशा बिनकामाचा का? अजिबात नाही, पण त्याचा खरा उपयोग ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. किती यकृत मागे उरेल, हे त्यावर मोजतात. निरोगी यकृत तीसेक टक्के उरलं तरी सहसा निभावतं, सिरॉसिस (यकृत कडक, निकामी होत जाण्याचा आजार) असेल तर चाळीसच्या आसपास लागतं.

तिसरी गोष्ट आयसीजी (इंडोसायनिन ग्रीन), शिरेतून द्यायचा रंग. काढायच्या भागाची रक्तवाहिनी बंद करून तो देतात. खास कॅमेऱ्यात बाकीचं यकृत चमकतं, तेवढा भाग काळा राहतो, हद्द कळते. मात्र सेंटिमीटरभर खोलीपलीकडचं त्यात दिसत नाही. बाबांना आयोडीनची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगा.

तेव्हा थेट विचारा, "नेव्हिगेशन म्हणजे यातलं नेमकं काय?" आतली सोनोग्राफी आणि आयसीजी असेल तर मी पैसे देईन. नुसतं रंगीत चित्र असेल तर बिलावर घासाघीस करेन. आणि सीटीच्या फिल्मचा लिफाफा नेऊन भागत नाही, सीडी न्या. नकाशा त्यातल्या पातळ स्लाइसवरूनच, म्हणजे एकेका पातळ कापाच्या चित्रांवरूनच, बनतो. निम्मे नातेवाईक ती घरी विसरतात.