मुलांनी मुलांना सुचवलेली पुस्तकं : वाचकांचे प्रश्न

सुट्ट्या जवळ आल्या की ‘मुलांना काय वाचायला द्यावं’ विचारणारी पत्रं वाढतात. या वेळच्या पत्रांत मागणी थोडी निराळी आहे. पालकांना मोठ्यांची यादी नको आहे, मुलं एकमेकांना काय सांगतात ते हवं आहे.

प्रश्न : मुलगा चौथीत आहे. शाळा हिंदी-इंग्रजी, घरी मात्र आम्ही मराठीच बोलतो. मराठी पुस्तक हातात दिलं की दोन पानांत खाली ठेवतो. त्याच्या बरोबरीच्या मुलांना आवडलेली पुस्तकं सुचवाल का? आमच्या लहानपणीची यादी नको. – एक आई, सुदामा नगर, इंदूर

पुस्तकांकडे वळण्याआधी दोन पानांत नेमकं काय होतं ते बघा. ‘लिपी एकच तर आहे’ असं आपण म्हणतो आणि तिथेच फसतो. हिंदीवर तयार झालेल्या डोळ्याला मराठी पान ठिकठिकाणी अडवतं.

‘ळ’ त्याच्या हिंदीच्या पुस्तकात जवळपास नसतोच, म्हणून तो ‘ल’ वाचतो. मग ‘काळ’चा काल आणि ‘वेळ’ची वेल होते. वाऱ्या, दऱ्या यांतला अर्धा र त्याने पाहिलेलाच नसतो. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या आणि दर्या म्हणजे समुद्र, हा फरक एकदा कागदावर लिहून दाखवा. शेवटचा अनुस्वार तो हिंदीप्रमाणे नाकात वाचतो, त्यामुळे ‘केलं’, ‘पुस्तकं’ हे त्याच्याच तोंडचे शब्द त्याला परके वाटतात. शिवाय खाली, शिक्षा, का, आई या शब्दांचे हिंदीतले अर्थ आधी डोक्यात येतात. ‘शिक्षा झाली’ वाचून मुलगा गोंधळला तर त्यात नवल नाही.

सगळ्यात जास्त दमवतात ते लांब शब्द. हिंदीत ‘पेड़ के नीचे वाला’ असे सुटे चार शब्द असतात, मराठीत ‘झाडाखालचा’ एकच. पहिले आठ-दहा दिवस असे शब्द पेन्सिलीच्या फिक्या रेघेने तोडून द्या : झाडा/खाल/चा. कान मराठी असल्यामुळे तुकडे जोडताच अर्थ लागतो. चार आणि चाक यांतले दोन ‘च’ मात्र शिकवत बसू नका. बोलताना तो ते बरोबरच म्हणतो, शब्द ओळखला की उच्चार आपोआप येतो.

पुस्तक झेपेल का ते असं तपासा. पहिलं पान नको, मधलं उघडा आणि साधारण १०० शब्द मोठ्याने वाचून घ्या. एक-दोन शब्द अडले तर एकट्याने वाचू द्या. तीन ते पाच अडले तर एक पान त्याने, एक तुम्ही. दहाच्या आसपास गेले तर ते पुस्तक सध्या तुम्हीच वाचून दाखवा.

आता पुस्तकं. ‘मिडल ग्रेड’ म्हणतात तो गट ८ ते १२ वर्षांचा. आपल्याकडे तो ‘बाल’ आणि ‘कुमार’ या दोन शिक्क्यांमध्ये विभागला जातो, आणि शिक्के प्रकाशकागणिक बदलतात. त्यापेक्षा नायकाचं वय बघा. मुलांना आपल्याहून वर्ष-दोन वर्षांनी मोठ्या मुलाची गोष्ट आवडते, लहान मुलाची दिली की ‘हे बाळांचं आहे’ म्हणून बाजूला जाते.

सुरुवातीला दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे. सुट्या गोष्टी, उद्योगी नायक आणि भाषा बोलण्यातली, त्यामुळे अडखळणाऱ्यालाही पुढे जाता येतं. चौथीतला मुलगा दुसऱ्याला सांगताना यातला एखादा उपद्व्याप सांगतो, आणि शिफारस म्हणून तेवढं पुरतं. मग फास्टर फेणे. हा बनेश फेणे फुरसुंगीचा, शाळा पुण्यात, पण त्याचे लेखक भा. रा. भागवत जन्माने इंदूरचे (१९१०). हे मुलाला जरूर सांगा, आपल्या गावच्या माणसाने लिहिलंय म्हटल्यावर पुस्तक जरा जवळचं होतं. संदर्भ जुने असल्याने पहिली दहा पानं सोबत वाचावी लागतात. एकदा फेणेचं तोंडाने ‘ट्टॉक्’ करणं सुरू झालं की तुमची गरज उरत नाही.

‘तोत्तोचान’ हे जपानी पुस्तक (मराठी अनुवाद चेतना सरदेशमुख गोसावी, नॅशनल बुक ट्रस्ट) या वयाला फार सोयीचं आहे, कारण प्रकरणं दोन-चार पानांची आहेत. आगगाडीच्या डब्यात भरणारी शाळा हे एवढं एक वाक्य मुलं एकमेकांना सांगतात आणि पुस्तक हातोहात जातं. पण त्यात तोत्तोच्या मित्राचा मृत्यू आहे आणि शेवटी बाँबहल्ल्यात शाळा जळते, तेव्हा त्या पानांवर घरात कुणीतरी आसपास असावं. दहाच्या पुढच्यांसाठी सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या रहस्यकथा, अशोक जैन यांच्या अनुवादात. फेलूदा सिगारेट ओढतो, याची कल्पना असू द्या.

‘श्यामची आई’ बद्दल पुष्कळजण विचारतात. ते एकट्याने वाचायला देण्याचं नव्हे, ऐकवण्याचं पुस्तक आहे. मांडणीच बेचाळीस रात्रींची आहे, तेव्हा रोज रात्री एक. चौथीतलं मूल मित्राला आपणहून ते सुचवेल अशी अपेक्षा ठेवू नका, आणि नाही सुचवलं तर वाईटही वाटून घेऊ नका.

प्रश्न : आमच्या वसाहतीत सुट्टीत मराठी वर्ग भरतो. तिसरी ते पाचवीची वीस मुलं आहेत. त्यांच्याकडूनच ‘आम्ही सुचवतो’ अशी यादी करून घ्यायची आहे. गेल्या खेपेला सगळ्यांनी ‘छान आहे, बोध मिळतो’ एवढंच लिहिलं. – वर्ग चालवणाऱ्या दोघी, राजेंद्र नगर, इंदूर

मुलांनी तसं लिहिलं कारण शाळेत परीक्षणाच्या नावाखाली तेवढंच मागितलं जातं. विचारायची पद्धत बदलली की उत्तरं बदलतात.

वीस मुलांना ४० ते ५० पुस्तकं लागतात. यापेक्षा कमी असली तर दुसऱ्या आठवड्यातच ‘माझ्या आवडीचं काही उरलं नाही’ सुरू होतं. त्यात निम्मी ६४ पानांच्या आतली ठेवा, दहाएक हिंदी असू द्या आणि पाच-सात माहितीची : किडे, विमानं, स्वयंपाक. गोष्ट न आवडणारी मुलं याच पुस्तकांवर टिकतात. हिंदीसाठी इंदूरचा पुस्तकांचा खजुरी बाजार आहेच, भोपाळच्या एकलव्य संस्थेची पुस्तकं आणि त्यांचं ‘चकमक’ मासिकही या वयाला चपखल बसतं. मराठी पुस्तकं एकेक करून मागवू नका, दहा-बारा घरांची मागणी एकत्र करा म्हणजे टपालखर्च वाटला जातो. मुदत चार आठवडे, प्रत्येकाने किमान तीन पुस्तकं.

प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक पाकीट चिकटवा आणि त्यात जाड कागदाची, तळहाताएवढी चिठ्ठी ठेवा. चिठ्ठीवर पाचच ओळी :

पूर्ण वाचलं की मध्येच सोडलं? (कितव्या पानावर?)
कितव्या पानापासून मजा आली?
कुठे कंटाळा आला?
हे कुणाला आवडेल? (‘सगळ्यांना’ चालणार नाही. ‘क्रिकेट आवडणाऱ्याला’, ‘भुताला न घाबरणाऱ्याला’ असं.)
मित्राला देशील? हो किंवा नाही.

‘बोध काय’ हा प्रश्न चिठ्ठीवर असता कामा नये. ‘छान’, ‘मस्त’, ‘खूप आवडलं’ हे शब्दही आठवडाभर बंद करून बघा. तो मुलांना खेळच वाटतो. कंटाळ्याची ओळ वगळू नका. ‘पहिली १२ पानं संथ आहेत, मग चोर येतो’ हे वाक्य दुसऱ्या मुलाला जेवढं उपयोगी पडतं तेवढं कुठलंही कौतुक पडत नाही, आणि वाईटही लिहायची मुभा असली म्हणजे चांगल्यावर विश्वास बसतो.

चिठ्ठी दुरुस्त करू नका. ‘मी हे परत वाचून राहिलोय’ असं लिहिलं तर तसंच राहू द्या. ती इंदूरची मराठी आहे आणि वाचणारा मुलगाही इंदूरचाच आहे. लाल शाई दिसली की पुढच्या वेळी चिठ्ठी आईच्या अक्षरात येते.

आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं तोंडी शिफारस ठेवा. प्रत्येकाला एकच मिनिट. पुस्तक उघडून पाच-सहा ओळी वाचायच्या आणि ऐन मोक्याला थांबायचं. गोष्ट सांगायला लागला की थांबवा, कारण सगळी गोष्ट ऐकल्यावर पुस्तक कोण नेणार? आणि दर वेळी तोच बोलका मुलगा पहिला नको. त्याच्यामागून सगळे त्याचंच पुस्तक उचलतात, म्हणून आधी चिठ्ठ्या, नंतर बोलणं.

आता मोजणी. बहुतेक याद्या इथेच बिघडतात. नुसते ‘हो’ मोजले तर ज्या पुस्तकाच्या चार प्रती होत्या तेच वर येतं. समजा एक पुस्तक १५ जणांनी वाचलं आणि ९ जणांनी ‘देईन’ म्हटलं. दुसरं एकच प्रत असल्यामुळे ५ जणांनी वाचलं आणि पाचही जणांनी ‘देईन’ म्हटलं. मतं ९ विरुद्ध ५, पण पहिल्याचं प्रमाण दहातले सहा आहे आणि दुसऱ्याचं पाचात पाच. तेव्हा ‘वाचलेल्यांपैकी किती’ हा हिशेब धरा. सोडून दिलेलेही वाचलेल्यांत मोजा. तीनपेक्षा कमी जणांनी वाचलेली पुस्तकं यादीत न घेता ‘अजून वाचक हवेत’ अशा वेगळ्या खणात ठेवा, मुलं त्या खणावर आपणहून तुटून पडतात.

बक्षीस मात्र ठेवू नका. ‘सर्वांत जास्त पुस्तकं वाचणारा’ असा नंबर लावलात की सोळा पानी पुस्तकं संपतात आणि जाड पुस्तकांना कुणी हात लावत नाही. ‘मुलींची’, ‘मुलांची’ असे कप्पेही नकोत.

प्रश्न : नातू फक्त चित्रकथा वाचतो, त्याही त्याच त्याच. ‘खरं’ पुस्तक कधी वाचणार? – एक आजोबा, रामबाग, इंदूर

आजोबा, चित्रकथाही खरंच पुस्तक आहे. तेच तेच वाचण्याने शब्द डोळ्यांत बसतात आणि वेग येतो, त्यामुळे ते बंद करू नका. फक्त त्याच्या शेजारी अशी पुस्तकं ठेवा ज्यांत दर दोन पानांना एक चित्र आहे. एकदम चित्र नसलेल्या दीडशे पानांवर उडी मारायला लावली की मुलं मागे फिरतात. माधुरी पुरंदरे यांच्या ‘वाचू आनंदे’मध्ये (बाल आणि कुमार असे दोन गट) निवडक उतारे चित्रांसह आहेत, कुठूनही उघडावं, कुठेही थांबावं. त्यातला उतारा आवडला की मूळ पुस्तक शोधून द्या.

प्रश्न : आम्ही आठ मराठी घरं आहोत, सगळ्यांच्या सोयीचं वाचनालय जवळपास नाही. पुस्तकं फिरवण्याची काही पद्धत? – एक वाचक, वडोदरा

तुमच्या गावाला हे शिकवायचं म्हणजे धाडसच! सयाजीरावांनी १९१० साली बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयं उभी केली, तेव्हा खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरत होत्या. तेच करा. झाकणाच्या आठ पेट्या, प्रत्येकीत दहा पुस्तकं, दर पंधरा दिवसांनी पुढच्या घरी. सोळा आठवड्यांत सगळ्या पेट्या सगळीकडे फिरून येतात. झाकणाच्या आत यादी चिकटवा आणि पेटी देताना दोन्ही घरांतल्या मुलांनीच पुस्तकं मोजून घ्यायची. पेट्यांचा दिवस ठरलेला हवा. ‘सवडीने देऊ’ म्हटलं की तिसऱ्या घरी पेटी अडकते. वर सांगितलेल्या चिठ्ठ्या पुस्तकाबरोबर फिरू द्या, आठव्या घरातल्या मुलाला सात जणांचा सल्ला आयता मिळतो.

खर्च वाचवायचा तर बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे (सुरू १९७१) जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरही मराठी गोष्टी विनामूल्य आहेत आणि छापूनही घेता येतात. तिथे चार पातळ्या आहेत, आठ-नऊ वर्षांच्या मुलाला तिसरी-चौथी द्या.

प्रश्न : मुलांना आवडलेलं पुस्तक सगळ्यात आधी फाटतं. सेलोटेप लावून लावून थकले. – एक ताई, इंदूर

सेलोटेप लावूच नका. वर्ष-दोन वर्षांत ती पिवळी पडते, तिचा चिकटपणा कडेने बाहेर येऊन शेजारची पानं धरतो आणि काढायला गेलं की अक्षरं निघून येतात. सुटलेल्या पानाच्या आतल्या कडेला बारीक ब्रशने दोन-तीन मिलिमीटर फेव्हिकॉल लावा, पान शिवणीपर्यंत नीट बसवा, दोन्ही बाजूंना बटर पेपर ठेवून पुस्तक मिटा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. बटर पेपर विसरलात तर तीन पानं एकत्र चिकटतील. मैद्याची खळ पावसाळ्यात नको, तिला कसर लागते.

पिना मारलेल्या पातळ पुस्तकांच्या पिना पावसाळ्यात गंजतात. त्या काढा आणि घडीवर तीन भोकं पाडा. पुस्तकाच्या उंचीच्या तिप्पट लांबीचा जाड दोरा घ्या. मधल्या भोकातून आतून बाहेर, वरच्या भोकातून आत, तिथून थेट खालच्या भोकातून बाहेर, परत मधल्यातून आत, आणि दोन्ही टोकांची गाठ आतल्या बाजूला. पाचवीतलं मूल हे एकदा बघून करू शकतं.